वर ताटे, खाली खेळ

मैत्रिणींनो, या आठवड्याच्या टपालात सांगलीच्या एका भगिनीचे पत्र आले आहे. चांगले पाच पानी पत्र आहे आणि त्यातली साडेचार पाने एका टेबलाबद्दल आहेत. साधेसुधे टेबल नव्हे हं. वरून जेवणाचे, आणि वरच्या फळ्या उचलल्या की खाली पूल टेबल! पूल म्हणजे नदीवरचा नव्हे. हिरव्या नाहीतर निळ्या बनातीचे टेबल, त्याला कॅरमसारखेच पण सहा खिसे, पंधरा रंगीत गोळे, एक पांढरा गोळा आणि ढकलायला लांब काठी. तो खेळ.

या बाईंना दोन मुलगे. थोरला कॉलेजात, धाकटा दहावीला. संध्याकाळ झाली की दोघेही बाजारातल्या पूल पार्लरमध्ये जातात, ते रात्री दहा-साडेदहाला उगवतात. मिस्टरांचे म्हणणे असे की, नाहीतरी आपले सनमायकाचे जुने टेबल डुगडुगतेच आहे, नवे घ्यायचेच तर हे घेऊ. पोरे बाहेर खेळतात ती घरात खेळतील. रोज जेवताना ते मोबाईलवर त्या टेबलाचा फोटो दाखवतात. घरात सासूबाई आहेत, वय ७८, गुडघ्यांमुळे खाली बसता येत नाही, म्हणून सातच्या ठोक्याला टेबलावर जेवतात. बाई लिहितात, "मुलं डोळ्यांसमोर राहतील म्हणून मलाही हो म्हणावंसं वाटतं. पण त्या फळ्या रोज उचलायच्या कुणी, हे कुणी बोलतच नाही. मी विचारलं की, तुझा आपला नन्नाचा पाढा, असं होतं. मला टेबल नकोच असं नाही. काय काय पाहून घ्यावं ते सांगा."

हे शेवटचे वाक्य मला फार आवडले. नको म्हणणे सोपे असते आणि हो म्हणणेही सोपे असते. पाहून घेणे अवघड. तेच आज करू.

आधी सासूबाईंच्या मनातली अढी काढू. हा खेळ म्हटला की सिनेमातला खलनायक आणि सिगारेटचा धूर डोळ्यांपुढे येतो, त्यात त्यांची चूक नाही. पण पूल, बिलियर्ड्स आणि स्नूकर ही सख्खी भावंडे, आणि त्यातले स्नूकर तर आपल्या जबलपूरला जन्मले. १८७५ साली तिथल्या छावणीत नेव्हिल चेंबरलेन नावाच्या तरुण इंग्रज अधिकाऱ्याने बिलियर्ड्सच्या टेबलावर जास्तीचे रंगीत गोळे मांडून तो सुरू केला, असे सांगतात. पुण्यात जन्मलेले विल्सन जोन्स १९५८ साली कलकत्त्याला बिलियर्ड्सचे जागतिक हौशी विजेते झाले, १९६४ साली पुन्हा झाले. मुंबईचे मायकेल फरेरा १९७७ साली झाले. पुढच्या पिढीचे पंकज अडवाणी, तेही जन्माने पुण्याचेच. तेव्हा खेळाला नावे ठेवण्याचे कारण नाही. तो कुठे, किती वाजेपर्यंत आणि कोणाबरोबर खेळतात, एवढाच प्रश्न आहे.

जेवण आणि खेळ एकाच टेबलावर, ही कल्पनाही कालची नाही. इंग्लंडात लँकेशरमधल्या ॲक्रिंग्टन गावची रायली कंपनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या काळापासून अशी टेबले विकत असे. त्यांत टेबल वरखाली करायची सोय होती. खेळताना उंच, जेवताना ठेंगणे. ही वरखालीची गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता पट्टी घ्या. शिवणाच्या डब्यातली चालेल.

दुकानदार "सात फुटी" म्हणतो तेव्हा आतली खेळायची जागा ७८ इंच लांब आणि ३९ इंच रुंद असते. कडा धरून बाहेरून ते टेबल साधारण साडेसात फूट बाय सव्वाचार फूट भरते. पण खरी जागा टेबलाला लागत नाही, काठीला लागते. नेहमीची काठी ५७ इंच, म्हणजे पावणेपाच फूट. गोळा कडेला टेकलेला असला की अख्खी काठी टेबलाबाहेर येते, आणि ती मागे घ्यायची तर भिंतीत घुसून चालत नाही. म्हणजे खेळायच्या जागेच्या चारी बाजूंना एकेक काठी मोकळी हवी. बेरीज करून पाहा. लांबीला १६ फूट, रुंदीला पावणेतेरा फूट. तेही काठी भिंतीला घासत.

आपल्याकडे हॉल दहा बाय सोळा असला तर आपण लोकांना मोठ्या अभिमानाने दाखवतो. त्यात लांबी कशीबशी बसली. रुंदीचे काय? दहा फुटांतून सव्वातीन फूट गेले, उरले पावणेसात, म्हणजे एकेका बाजूला सव्वातीन फुटांच्या थोडे वर. ४८ इंची आखूड काठीसुद्धा तिथे मावत नाही. तीन फुटी पोरांची काठी मावेल, आणि कॉलेजातला मुलगा ती घेऊन चार दिवस खेळेल आणि पाचव्या दिवशी पुन्हा पार्लरमध्ये जाईल. शिवाय या हिशेबात सोफा, टीव्ही आणि काचेचे शोकेस धरलेलेच नाही.

नुसते जेवणाचे म्हणून पाहिले तरी, मागे खुर्ची सरकवून माणसाला पातेले घेऊन जायला दोन्ही बाजूंना तीन-तीन फूट लागतात. सव्वाचार आणि सहा, सव्वादहा झाले. म्हणजे दहा फुटी हॉलमध्ये हे टेबल खेळायच्या आधी वाढायलाच अडेल. आणि सव्वाचार फूट रुंद टेबलावर समोरच्याच्या ताटात बसल्या जागेवरून पोळी वाढता येत नाही, हेही ध्यानात घ्या. आपली नेहमीची टेबले तीन-साडेतीन फूट रुंद असतात ती उगीच नाही.

म्हणून पैसे मोजण्यापूर्वी एक काम करा. जुनी वर्तमानपत्रे जोडून साडेसात बाय सव्वाचारचा कागद हॉलमध्ये पसरा आणि चार कोपरे चिकटपट्टीने बसवा. फरशी पुसायच्या काठीला दुसरी बांधून पावणेपाच फूट करा. मग मुलांना सांगा, चारी बाजूंनी खेळून दाखवा. हसतील, हसू द्या. कागद दोन दिवस तिथेच राहू द्या. सासूबाई बाथरूमकडे कुठून जातात, फ्रिजचे दार पुरते उघडते का, झोपायला गाद्या कुठे पडतात, हे त्या दोन दिवसांत आपोआप कळते. फोटोत हे काहीच दिसत नाही.

जागा असली तर पुढचे. नसली तर पत्राच्या शेवटाकडे या, तिथे दुसरा उपाय दिला आहे.

उंची. जेवणाचे टेबल साधारण ३० इंच असते आणि खुर्चीची बैठक १८. पूल टेबलाची बनात जमिनीपासून सव्वाएकोणतीस ते ३१ इंचांवर असावी असा नियम आहे. तिच्यावर रबरी कडा दीड-एक इंच, त्यावर फळी एक इंच. म्हणजे जेवायला बसलात तर ताट ३२-३३ इंचांवर! ठेंगण्या माणसाचे खांदे वर ओढले जातात आणि घास तोंडाशी येण्याऐवजी तोंड ताटाशी जाते. सासूबाईंना हे मुळीच सोसायचे नाही. याला दोनच उपाय आहेत. खुर्च्या २० इंची करून घ्यायच्या, पण मग त्यांचे पाय लोंबकळतील, पायाखाली पाट द्यावा लागेल. नाहीतर रायलीसारखी वरखालीची सोय असलेले टेबल घ्यायचे. ती सोय असली तर दुकानात स्वतः दहा वेळा वरखाली करून पाहा, विक्रेत्याच्या हातून नको.

खालून मांडीलाही जागा हवी. पूल टेबलाच्या पोटात जाड चौकट असते. खुर्चीवर बसून तळहात उभा धरा. मांडी आणि चौकट यांत तो सहज फिरला पाहिजे. जमिनीपासून चौकटीपर्यंत २४-२५ इंच तरी मोकळे हवेत. आणि आपल्याकडे खुर्चीवर मांडी घालून बसणारी माणसे घरटी एक तरी असतात (आमच्याकडे मीच आहे), त्यांना तर याहूनही जास्त लागते. दुकानात लाजू नका. मांडी घालून बसून पाहा.

वजनाबद्दल थोडक्यात सांगते. चांगल्या टेबलाचा तळ स्लेटचा असतो. आपल्या लहानपणीच्या पाटीचाच तो दगड. तो वाकत नाही, फुगत नाही, म्हणून गोळा सरळ जातो. पण सात फुटी टेबलाला पाऊण इंच जाडीची नुसती स्लेटच सव्वाशे किलोच्या घरात जाते. चौकट, पाय धरून टेबल दोनशेच्या पुढे. सिमेंटच्या स्लॅबला याची भीती नको, राहत्या खोल्यांचा हिशेब चौरस मीटरला २०० किलो धरूनच करतात आणि टेबलाचे वजन पसरलेले असते. जुन्या वाड्याची लाकडी माडी असेल तर मात्र जाणत्या माणसाला दाखवल्याशिवाय चढवू नका. आणि जिन्याचे वळण मोजा. स्लेट एकसंध असेल तर ती लिफ्टमध्ये तिरपी होत नाही. एकदा बसवले की झाडायला म्हणून हे टेबल सरकवायचे नसते, कारण पाणसळ लावून, पायांखाली पट्ट्या देऊन ते समपातळीत आणलेले असते. जरा हलले की सगळे गोळे एका कोपऱ्यात.

एमडीएफच्या तळाचे टेबल हलके आणि स्वस्त पडते. सांगली-सोलापूरकडे ते काही वर्षे काढेल. कोकणात, मुंबईत, गोव्यात पावसाळ्याचे चार महिने ओल धरणाऱ्या घरात मी ते घेणार नाही. एमडीएफ पाणी पिऊन फुगले की पुन्हा बसत नाही.

आता आपल्या स्वयंपाकाशी गाठ. ज्या देशांत ही टेबले निघाली तिथे सूप ताटलीत असते आणि बाकी सारे कोरडे. आपल्याकडे वरण, आमटी, ताक, आणि लहान मूल असेल तर सांडलेले पाणी. वरचे झाकण दोन-तीन फळ्यांचे असते आणि फळ्यांना सांधे असतात. सांध्यातून हळदीची आमटी बनातीवर उतरली की संपले! सुती साडीवरचा हळदीचा डाग आपण उन्हात टाकून घालवतो. ही बनात चिकटवलेली असते, काढून उन्हात टाकता येत नाही. म्हणून दुकानात फळ्या बसवून घ्या, सांध्याखाली टिपकागद ठेवायला सांगा आणि वर पेलाभर पाणी ओता. पाच मिनिटांनी फळी उचला. विक्रेता ओतू देत नसेल तर त्यातच उत्तर मिळाले. सांध्याला आतून रबराची पट्टी आणि एकमेकींत अडकणारी खाच असेल, तर पाणी सहसा उतरत नाही. तरीही फळ्यांखाली एक ऑइलक्लॉथ अंथरावा आणि आठवड्यातून एकदा तो काढून बनातीला वारा द्यावा. नाहीतर झाकल्या जागी ओल कोंडून बुरशी येते. गरम कुकर थेट ठेवू नका, हे मी तुम्हाला सांगायला नकोच.

बनात बहुधा लोकर आणि नायलॉनची असते, म्हणजे तिला शालीसारखी कसर लागू शकते. पण म्हणून फळीखाली डांबरगोळ्या टाकू नका बाई! वर आपण जेवतो. मऊ ब्रशने एकाच दिशेने झाडणे आणि वारा देणे, हेच औषध. काठीच्या टोकाला लावायचा निळा खडू हा शाळेचा खडू नव्हे. त्यात सिलिका आणि ॲल्युमिनियम ऑक्साइडची कठीण पूड असते. खेळून झाल्यावर हात धुतल्याशिवाय कुणी पोळीच्या डब्याला हात लावायचा नाही, आणि फळ्या पालथ्या झाल्या असतील तर दोन्ही अंगांनी पुसल्याशिवाय ताटे मांडायची नाहीत.

एवढे सगळे जमले तरी सांगलीच्या बाईंचा प्रश्न उरतोच. फळ्या उचलायच्या कुणी?

हा प्रश्न नन्नाचा पाढा नाही. साऱ्या व्यवहारातला हाच खरा प्रश्न आहे, आणि हिशेबाने मांडला तर घरात कुणालाही पटेल. साडेसात बाय सव्वाचार म्हणजे जवळजवळ प्लायवूडचे आठ बाय चारचे अख्खे शीट. पाऊण इंची प्लायचे त्याचे वजन ३०-३५ किलो होते. भरलेला गॅस सिलिंडर ३० किलोच्या आसपास असतो. म्हणजे रोज एक भरला सिलिंडर तीन तुकड्यांत उचलायचा, कुठेतरी उभा करायचा आणि परत आणून बसवायचा. इंचभर जाडीचे शिसवी लाकूड घेतले तर दोन सिलिंडर! वर सहा खुर्च्या भिंतीला लावायच्या आणि पुन्हा आणायच्या. आणि त्या फळ्या उभ्या कुठे करणार? पलंगामागे? बाल्कनीत? पावसात? दाराआड उभी केलेली फळी नातवंडाच्या अंगावर पडू शकते. फळ्यांची जागा आधी ठरवा, तिथे भिंतीला आकडा नाहीतर पट्टी लावून घ्या, मग टेबल.

माझ्या एका मावसबहिणीकडे असे टेबल आहे. घर मोठे, बंगलाच. टेबल आले तेव्हा आम्ही सगळ्या जाऊन पाहून आलो, हेवाही वाटला. पहिला महिनाभर रोज खेळ. मग एके दिवशी फळ्यांवर सासऱ्यांच्या औषधांचा डबा आला. मग इस्त्रीचे कपडे. मग लोणच्याची बरणी, विजेची बिले, भाचीच्या लग्नाच्या पत्रिका. जेवणाचे टेबल कधी रिकामे असते का हो? घरातली ज्या वस्तूला जागा नाही ती प्रत्येक वस्तू तिथे येऊन बसते. खेळायचे म्हटले की मुलगा ओरडायचा, "आई, हे उचल ना!" तिने कणकेच्या हाताने येऊन उचलायचे. ती म्हणाली, "अगं, टेबल त्यांचं झालं आणि उचलठेव माझी झाली." सहा महिन्यांनी तिने उचलणे बंद केले आणि त्याच दिवसापासून खेळही बंद झाला. कुणी भांडले नाही. आता त्यावर नुसते जेवतात, ३३ इंचांवर. खाली दोनशे किलोचा दगड आहे.

तेव्हा सांगलीच्या बाई, तुम्ही नाही म्हणू नका. घरात असे सांगा: आजपासून १५ दिवस आपल्या जुन्याच टेबलावर खेळ करून बघू. रोज रात्री नऊला, आजींचे आणि सगळ्यांचे जेवण झाल्यावर, मुलांनी टेबल रिकामे करायचे, पुसायचे, सहा खुर्च्या भिंतीला लावायच्या आणि त्यावर कॅरम मांडायचा. साडेदहाला कॅरम उचलून खुर्च्या जागेवर, सकाळच्या चहाला टेबल तयार. तुम्ही मात्र त्या दीड तासात एकही वस्तू उचलायची नाही. बरणी दिसली तरी नाही. हे सर्वांत अवघड, मला ठाऊक आहे. आपल्या हातांना सवय असते, ते आपोआप पुढे होतात. हवे तर तेवढा वेळ गच्चीवर फिरून या. मिस्टरांनाही यात ओढा, कारण कल्पना त्यांची आहे. सोळाव्या दिवशीही हे चालू असेल तर खुशाल टेबल सांगा, ते तुमच्या घरात नांदेल.

आणखी एक गोष्ट, ती तुमच्या पत्रात ओळींच्या मधे आहे. मुले पार्लरमध्ये नुसती टेबलासाठी जात नाहीत. तिथे मित्र असतात, घरचे कुणी नसते. टेबल घरी आणले तर दोनांपैकी एक होईल. एक तर मित्रही घरी येतील, रोज चार-पाच, आणि त्यांना चहा लागेल, पोहे लागतील, त्यांच्या चपला दारात पडतील, नऊ वाजता हसणे-खिदळणे होईल आणि फरशीवर गोळा पडला की खालचे बिऱ्हाड वर येईल. (एकेक गोळा १६०-१७० ग्रॅमचा असतो, टाइल तडकायला पुरतो.) नाही तर मित्र येणार नाहीत, आणि मुले पुन्हा बाहेर. पहिले तुम्हाला चालणार आहे का? मला विचाराल तर मला चालेल. मुलाचे मित्र कोण आहेत, कसे बोलतात, हे आपल्या स्वयंपाकघरातून ऐकू येणे, याची किंमत कोणत्याही टेबलाहून मोठी आहे असे मी समजते. पण पोह्यांचा भारही मग वाटून घ्यायला हवा. कांदा चिरायला पूल खेळणारा हात चालतो. थोरल्याला एकदा निवांत विचारा, "टेबल आलं तर तुझे मित्र इथे येतील का रे?" टेबल कशाला हवे, असे विचारू नका. तो काय म्हणतो त्यावर पुष्कळ कळेल.

आणि धाकट्याचे दहावीचे वर्ष आहे. परीक्षा होईपर्यंत थांबलात तर टेबल काही पळून जात नाही. उलट निकालानंतरचे टेबल हे बक्षीस होते.

हॉल छोटा असेल त्या मैत्रिणींसाठी. जेवणाच्या टेबलावर ठेवायची लहान पूल टेबले मिळतात, काठी आखूड, गोळे लहान. खेळ खरा नव्हे, पण हौस भागते आणि झाल्यावर ते कपाटामागे उभे राहते. सहा फूट लांब टेबल असेल तर मधे जाळी अडकवून टेबल टेनिसही होते. आणि आपला कॅरम आहेच. २९ इंच चौरस खेळायची जागा, चार माणसे, दहा फुटी हॉलला कसलाच त्रास नाही आणि आजीसुद्धा एक बाजू धरू शकतात.

घेण्याचे ठरलेच, तर दुकानदाराकडून बिलावर लिहून घ्या. तळ कशाचा आणि किती जाडीचा. एकसंध की तीन तुकड्यांत. घरी आणणे, जिना चढवणे, बसवणे आणि पाणसळ लावणे यांचे पैसे किमतीत आहेत की वेगळे. बनात बदलायला त्यांचा माणूस गावात येतो का आणि काय घेतो. फळ्या किती, एकेकीचे वजन किती. हे शेवटचे विचारले की विक्रेता हमखास मिस्टरांकडे पाहून म्हणतो, "अगदी हलक्या आहेत, वहिनी सहज उचलतील." तिथल्या तिथे एक फळी मिस्टरांना उचलायला लावा, हॉलच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत न्यायला लावा आणि परत बसवायला लावा. मग मुलांना. तुम्ही खुर्चीवर बसा. मांडी घालून.

आणि टेबल आलेच घरी, तर पदर खोचून तुम्हीही काठी हातात घ्या. कॅरममध्ये क्वीन घेणाऱ्या हाताला कोन कळतो, पूलही तसाच कोनाचा खेळ आहे. पहिल्या दिवशी बनातीवर काठीचे टोक ओढले जाऊ नये म्हणून डाव्या हाताचा अंगठा आणि पहिले बोट यांच्या खोबणीत काठी टेकवायला मुलाकडून शिकून घ्या, म्हणजे कापड फाटत नाही. तो शिकवायला नाही म्हणणार नाही.

सांगलीच्या बाई, १५ दिवस झाले की मला लिहा. टेबल घेतले की नाही ते तर लिहाच, पण सोळाव्या दिवशी कॅरम उचलून टेबल कुणी पुसले, तेही लिहा.